वढवाण्याला थंडीत जायचंय? मग अंधारात निघा आणि पाळीवर गप्प बसा

दरवर्षी दिवाळीची पणती विझते न विझते तोच नात्यातलं कोणीतरी विचारतंच, ताई तुम्ही त्या बडोद्याजवळच्या वढवाण्याच्या तळ्यावर पक्षी बघायला जाता ना, किती वाजता निघायचं, मुलांना काय घालायचं, तिथे खायला काही मिळतं का. दरवर्षी फोनवर अर्धा तास बोलते आणि ऐकणारा नेमकं पहाटे निघायचं तेवढं विसरतो. म्हणून या वेळी सगळं टाईप करून टाकलंय, थोडं लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं चुकवलं होतं, ते आधी सांगते. डिसेंबरमधला रविवार, दोन गाड्यांत बारा माणसं, नऊला निघायचं ठरलेलं म्हणजे दांडिया बाजारातून प्रत्यक्षात हललो पावणेदहाला, मग वाटेत सेव-उसळ, मग पेट्रोल, मग भावजींची गोळी घरी राहिली म्हणून एक गाडी परत, असं करत करत पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, पाय ठेवला तेव्हा साडेअकरा झालेले. ऊन डोक्यावर, पाण्यावर नजर ठरेना, आणि लांब मधोमध नुसते काळे ठिपके. भाचा म्हणाला मामी ती बदकं आहेत का कोणी डबे सोडलेत पाण्यात. वर आमच्या गाडीची चारही दारं उघडी आणि आत गाणी चालू. गावातले एक काका सायकलवरून चालले होते ते थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेन, जरा शांति राखो ने, हमणां बधां ऊडी जशे." म्हणजे आत्ता सगळे उडून जातील. मला इतकी लाज वाटली ना. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघंच गेलो, पहाटे पाचला निघून, आणि तेव्हा कळलं की आधी आपण तळं बघितलंच नव्हतं.

तर आधी नावाचा घोळ. हे वढवाणा, डभोई तालुक्यातलं. सौराष्ट्रात सुरेंद्रनगरला लागून वढवाण आहे ते वेगळं, तिथे जुनं शहर आहे आणि ते विरुद्ध दिशेला आहे. मॅपमध्ये घाईत टाईप केलं तर तो तुम्हाला खुशाल तिकडे पाठवेल, म्हणून डभोई असा शब्द जोडून शोधा. बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटर पडतं, कपुराई चोकडीवरून डभोई रोड धरायचा, डभोई पार करायची, पुढे गावातला रस्ता.

हे तळं नैसर्गिक नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१० च्या सुमाराला शेतीला पाणी द्यायला बांधलेलं आहे. छप्पनियाचा, म्हणजे संवत १९५६ चा (१८९९-१९००), दुष्काळ पडून दहाच वर्षं झालेली होती तेव्हा. ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा घातलाय, तिथून कालव्याने पाणी इथे येतं आणि इथून शेतांना जातं, अजूनही. पक्ष्यांसाठी कोणी काही केलेलं नव्हतं, आजूबाजूला भात-गव्हाची शेतं, मधे उथळ पसरट पाणी, त्यांना आवडलं, ते आले. पुढे २०२१ मध्ये रामसरच्या यादीत नाव लागलं, रामसर म्हणजे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव, तिथे १९७१ साली जगभरच्या पाणथळ जागा जपायचा करार झाला होता. गुजरातमधून आधी २०१२ ला नळसरोवर, मग २०२१ ला थोळ आणि आपलं वढवाणा, त्याच्या पुढच्या वर्षी जामनगरजवळचं खिजडिया. म्हणजे नाशिककडच्या कवळाण्याहून आलेल्या आपल्या महाराजांनी शेतकऱ्यांसाठी खणलेलं तळं जगाच्या यादीत जाऊन बसलं. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि आमचे हे दर वेळी गाडीची काच खाली करून बाहेर बघतात.

कधी जायचं? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. डिसेंबर-जानेवारी बेस्ट. फेब्रुवारीत शेतीला पाणी सुटून तळं उतरलं असेल तर कडेला चिखल उघडा पडतो, मग लांब पायांचे छोटे पक्षी जास्त दिसतात, शेकाट्या वगैरे, त्याची वेगळी मजा. मार्चमध्ये जाऊन मला शिव्या देऊ नका. आणि शक्यतो रविवार टाळा, एक दिवस रजा टाका, लग्नाच्या सीझनला टाकताच की.

वेळ मात्र पक्की. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सव्वासात-साडेसातच्या दरम्यान, तेव्हा पावणेसातला तुम्ही पाळीवर हवेत, म्हणजे घरातून साडेपाचच्या आत. गेटवर वन खात्याची माणसं असतात, तिकीट, नोंद, वेळेचे नियम, जे असेल ते तिथे विचारा आणि करा, वाद घालू नका. पहाटे शक्यच नसेल तर दुपारी साडेतीननंतर जा आणि सूर्य मावळेपर्यंत थांबा, सव्वासहाच्या आसपास मावळतो. दहा ते तीन या वेळात जाण्यात अर्थ नाही, ऊन समोरून चकाकतं, पक्षी मधोमध जाऊन झोपलेले असतात आणि तुम्हाला भूक लागलेली असते.

रस्त्याबद्दल एक सिरियस गोष्ट. डभोई रोडला पहाटे कधी कधी दाट धुकं असतं आणि त्यात कापसाने फुगलेली ट्रॅक्टर ट्रॉली पुढे असते, तिला मागे दिवा असेलच असं नाही. रोझ, म्हणजे नीलगाय, शेतातून एकदम रस्त्यावर येते, आणि एक आली की मागून दुसरी येणारच, म्हणून एक गेली म्हणून लगेच ॲक्सिलरेटर दाबू नका. डोळ्यांवर झोप असलेल्याने गाडी चालवायची नाही. तळ्यावर सोयी गृहीत धरू नका, बायकांनी तर नाहीच, डभोईत पेट्रोल पंपावर सगळं उरकून घ्यायचं. लाजायचं काही नाही, तीन-चार तास बसायचंय.

कपड्यांचं आपल्या लोकांना अजिबात जमत नाही. बडोद्याची थंडी म्हणजे पहाटे दहा-बारा डिग्री आणि दुपारी अठ्ठावीस-तीस, त्यामुळे एकच जाड स्वेटर घालून गेलात तर सातला कुडकुडाल आणि दहाला घामाघूम व्हाल. आत सुती टीशर्ट, वर पातळ स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जॅकेट, कानाला मफलर किंवा सासूबाईंसारखी सरळ कानटोपी, एकेक काढत जायचं आणि काढलेलं ठेवायला रिकामी पिशवी न्यायची. पाण्यावरून वारा येतो तो हातांना लागतो, दुर्बीण धरून बोटं बधीर होतात, हातमोजे घ्या. रंग मळकट, खाकी, मेंदी, मातीचा. पांढरंशुभ्र आणि लालभडक नको, फोटो छान येतात हे मान्य पण पक्षी फोटो बघायला थांबत नाहीत. पायात बूट, गवतावर दव असतं आणि चप्पल घसरते. स्कूटरवर जाणाऱ्यांनी स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र लावायचं, आमचे सासरे गरुडेश्वरला लूनावर जायचे तेव्हा असंच करायचे आणि ते आजही चालतं.

दुर्बीण लागतेच. घरात नसेल तर मागून आणा, पण न्या. विकत घेणार असाल तर आठ बाय बेचाळीस घ्या, आठ म्हणजे आठपट जवळ दिसणार आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा बाय पन्नास गळ्यात मारायला बघतो, ती जड असते, हात थरथरतो आणि बदक नाचताना दिसतं. घेतली की आधी घरी सेट करा, उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या बाजूच्या आयपीसवरची रिंग फिरवायची, झालं, नंतर फक्त मधलं चाक. हे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे दुर्बीण हातोहात फिरली की "मला काही दिसतच नाही" सुरू होतं. मुलांना आठवडाभर आधी कमाटीबागेत नेऊन प्रॅक्टिस करवा, पक्षी आधी नुसत्या डोळ्याने पकडायचा, नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. उलटं, म्हणजे दुर्बीण लावून आकाशभर शोधत बसलं की फक्त ढग दिसतात आणि मान दुखते.

आता मेन गोष्ट. पाळीवर पोचलात की शंभर-दोनशे पावलं चाला, सूर्य पाठीशी येईल अशी जागा बघा, आणि बसा. बस. लोकं काय करतात की पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटतात, जरा पुढे असतील, त्या बाजूला जास्त दिसतायत, आणि जसजसे तुम्ही पुढे जाता तसतसे पक्षी तेवढेच अंतर ठेवून पुढे सरकतात, म्हणजे तुम्हीच त्यांना लांब ढकलत असता. पाळीच्या कडेवर उभा माणूस आकाशावर काळा उठून दिसतो, तोच खाली उतारावर झाडाच्या आडोशाला बसला तर दहा मिनिटांत त्याचा विसर पडतो. दहा मिनिटं म्हणजे खरंच दहा, घड्याळ लावून बघा, पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही आणि तेव्हाच सगळे उठतात.

हे मला सासूबाईंनी शिकवलं, म्हणजे त्यांनी मुद्दाम शिकवलं असं नाही. त्यांचे गुडघे गेलेत, चौऱ्याहत्तर वय, त्यांना आम्ही एका घडीच्या स्टुलावर शाल पांघरून बसवून पुढे भटकायला गेलो. तासाभराने घामेजून परत आलो तर म्हणाल्या इथे एक जांभळी कोंबडी आली होती लाल चोचीची, पायाशी दहा फुटांवर, गवताचे देठ पायात धरून खात होती पोपटासारखी, आणि दोन टिबुकल्या, आणि एक ते निळं. आम्ही दीड किलोमीटर चालून बगळे बघितले होते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, स्टूल न्यायचं, माणशी एक.

बोलायचं असेल तर हळू बोला, कुजबुज चालते, अचानक खिदळणं चालत नाही, हात लांब करून बोट दाखवणं तर सगळ्यात वाईट, त्याऐवजी घड्याळाची भाषा वापरा, समोर बारा, डावीकडे नऊ, "दहावर, बाभळीच्या खाली". मुलांना ही मिलिटरीसारखी भाषा फार आवडते आणि ती आपोआप हळू बोलायला लागतात. फोन सायलेंटवर, आणि पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून बोलवायची आयडिया कोणी काढली तर त्याचा मोबाईल खिशात घालायला लावा.

काय बघायचं ते सांगते, सगळं नाही सांगत, सगळं मलाही येत नाही.

सगळ्यात आधी काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा आणि पांढरी चोच, शेकड्यांनी पोहणारा, तो वारकरी. इंग्रजीत कूट. आपल्या लोकांनी नाव ठेवलं वारकरी आणि गंमत म्हणजे गुजरातीत त्यालाच भगतडुं म्हणतात, दोन्ही भाषांना त्याच्या कपाळावर गंधच दिसलं. त्याला उडताना बघा, एकदम उचलता येत नाही, पाण्यावर धावत धावत रनवे घेतो आणि पाण्यावर पावलांची रांग उमटते.

मग बदकं. दोन जाती मनात ठेवा, एक जी शेपूट वर करून डोकं पाण्यात घालतात पण बुडत नाहीत, आणि दुसरी जी गडप होतात आणि भलतीकडे वर येतात. पहिल्यांत तलवार बदक, नराची शेपटी लांब टोकदार, मान पांढरी, लांबूनच ओळखू येतं, आणि थापट्या, चोच कलथ्यासारखी पसरट, ती पाण्यावर ठेवून गाळत फिरतो. दुसऱ्यांत लालसरी, छोटी आणि मोठी, मोठीच्या नराचं डोकं निखाऱ्यासारखं केशरी आणि चोच लाल, ऊन पडलं की दुर्बिणीतून बघणारा प्रत्येक जण आई गं म्हणतोच. पश्चिम भारतात ती तशी कमीच दिसते पण वढवाण्याला थंडीत नियमित असते, त्यामुळे ती दिसली तर ट्रिप वसूल. हळदी-कुंकू बदक तर मुलंसुद्धा एकदा सांगितल्यावर विसरत नाहीत, चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाच्या बाजूला दोन कुंकवाचे ठिपके. ते आपलं इथलंच आहे, बाहेरून आलेलं नाही. आणि जोडीने फिरणारे भगवे चक्रवाक, काव्यात रात्री विरहात रडतात ते, प्रत्यक्षात दिवसाही भरपूर ओरडतात.

पण थांबायचं ते पट्टकदंबांसाठी. करडा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. तिबेट, मंगोलियाकडच्या उंचावरच्या तळ्यांवर पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडे येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना यांची नोंद झालेली आहे, पाठीवर यंत्र लावून मोजलेलं. हे रात्री आणि पहाटे शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर येऊन विसावतात, म्हणून तर म्हणते पहाटे या. धुकं उठत असतं, आधी नुसता आवाज येतो, आंग-आंग-आंग असा नाकातला, मग शेतांच्या बाजूने रांगा दिसायला लागतात, तिरप्या, तुटक, डोक्यावरून जातात तेव्हा पंखांचा आवाज ऐकू येतो आणि मग पाय पुढे करून, पंखांतला वारा सोडून, धपाधप पाण्यावर. अर्धा तास हे चालतं. त्या पहिल्या खेपेला आम्ही पेट्रोल पंपावर होतो त्या वेळी हे सगळं होऊन गेलेलं होतं.

एक युक्ती अजून, निवांत पोहणारा सगळा थवा अचानक एकदम उठला तर थव्याकडे बघू नका, वर बघा. बहुतेक वेळा भोवत्या असतो, तपकिरी, पंख जरा वर धरून गवतावरून तरंगत येणारा ससाण्यासारखा. तो एक चक्कर मारून गेला की पाच मिनिटांत सगळे परत खाली. कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी, खांबावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, बांधावर शेपटी हलवत फिरणारा धोबी, शेतात सारसाची जोडी, हे नशिबाने. रोहित म्हणजे फ्लेमिंगो दिसलाच पाहिजे असा हट्ट धरून आलेल्यांचा मूड जातो, ते पाण्याच्या पातळीवर आहे, कधी असतात कधी नाही.

छोटी वही न्या. ॲप चांगली आहेत पण स्क्रीनकडे बघता बघता पक्षी जातो. वहीत तारीख, वेळ, काय दिसलं, नाव येत नसेल तर नुसतं वर्णन, आमच्या वहीत अजून "ते निळं" असं लिहिलेलं आहे, सासूबाईंचं. खंड्या असणार, पण त्या म्हणतात नाही.

खाणं. साडेआठ-नऊला सपाटून भूक लागते, थंडीने जास्तच. तळ्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. मेथीची थालीपीठं किंवा ठेपले, सोबत लोणचं, डिंकाचा लाडू, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि लीलो चेवडो असतोच, तो नसला तर आमच्या घरात गाडी सुरू होत नाही. कुरकुरीत पाकिटं नकोत, ती फोडल्याचा आवाज पाण्यावरून पलीकडे जातो, शिवाय रिकामं पाकीट उडतं. खायला पाळीवरून खाली या, गाडीपाशी. स्टोव्ह, शेगडी, शेकोटी काही नाही, वाळलेलं गवत असतं सगळीकडे. आणि पक्ष्यांना गाठिया घालायचे नाहीत, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं, नदीवर सीगलना घालतात ते बघून मुलांना वाटतं पुण्याचं काम आहे, तळलेलं मीठ-सोड्याचं ते खाऊन त्यांचं भलं होत नाही. हिमालय ओलांडून आलेल्याला स्वतःचं जेवण शोधता येतं.

पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायलासुद्धा नाही. बडोद्याच्या माणसाला मगर वेगळी सांगायला नको, विश्वामित्रीत आपण पुलावरून बघतोच, आणि या बाजूच्या तळ्यांत त्या असणं काही नवल नाही. मगर नसली तरी गाळ असतो, मोऱ्यांपाशी पाणी ओढतं. लहान मूल पाळीच्या पाण्याकडच्या बाजूला एकटं सोडू नका, मोठ्यांपैकी एकाने दुर्बीण न लावता फक्त मुलं बघायची, अर्ध्या तासाची पाळी लावा. हो, पाळीवर पाळी. ड्रोन आणला असेल तर गाडीतच राहू दे, त्यांना तो शिकारी पक्षी वाटतो आणि अख्खं तळं उठतं.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात जाणार असाल तर दोन वेगळ्या गोष्टी. स्कूटर-बाईकला पुढे ती तारेची कमान लावून घ्या आणि गळ्याला जाड मफलर, बंदी असूनही चायनीज दोरा मिळतोच आणि रस्त्यावर आडवा लटकतो. आणि पतंग जरूर उडवा, अगाशीवर आम्हीही चौदा-पंधरा दोन्ही दिवस असतो, पण पहाटे आणि सांजेला पक्षी ये-जा करतात तेवढा वेळ दोरा गुंडाळून ठेवा. गच्चीवर पडलेली गुंतावळ उचलून कात्रीने तुकडे करून कचऱ्यात टाका, अख्खी टाकली तर पक्ष्यांच्या पायात अडकते. जखमी पक्षी सापडला तर पाणी पाजत बसू नका, खोक्यात सुती कापड घालून अंधारात ठेवा, झाकणाला भोकं पाडा आणि वन खात्याला कळवा, त्या दिवसांत त्यांचं करुणा अभियान चालू असतं, शहरात ठिकठिकाणी केंद्रं उघडतात.

दहाला तळ्यावरून उठायचं. उरलेला दिवस तुमचा. आमच्याकडे वढवाण्यानंतर गरुडेश्वर ठरलेलं, टेंबे स्वामींची समाधी, १९१४ पासूनची, नर्मदेच्या काठी, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आसपास गेलं तर एका फेरीत दोन्ही होतं, फक्त दत्तजयंतीच्याच दिवशी गर्दी विचारू नका. ज्यांना परतायचंय त्यांनी डभोईत हिरा भागोळ बघावी, किल्ल्याचा पूर्वेचा दरवाजा, त्यावरची कोरीव कामं बघत मान वर करून अर्धा तास जातो. रेल्वेची आवड असेल तर मुलांना सांगा की भारतातली पहिली नॅरो गेज लाईन याच गावाची, १८६२ मधली डभोई-मियागाम, आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे. माझ्या भाच्याला सगळ्या ट्रिपमधली हीच गोष्ट लक्षात राहिली, आता काय करणार. परतताना पोंक, म्हणजे आपला हुरडा, कुठे लारीवर, म्हणजे हातगाडीवर, दिसला तर गाडी थांबवा, लिंबू-मरीची सेव घालून, गरम असतानाच.

एवढं लांब नको असेल तर शहराजवळ अजवा तलाव आहे. पावसाळ्यात त्याची लेव्हल २११ फुटांच्या पुढे गेली ऐकलं की विश्वामित्रीला पूर येईल म्हणून आपण गाड्या काढून पुलावर नेऊन लावतो तेच, हिवाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही. तेही सयाजीराव महाराजांचंच. टिंबीचं तळंही बरं आहे, ऑफिसच्या आधी उरकून येण्यासारखं. पण पट्टकदंबांच्या त्या रांगा बघायच्या तर वढवाणाच, तिथे माझं मत बदलणार नाही.

निघताना मागे वळून बघा, कागद, संत्र्याची सालं, बाटल्यांची झाकणं सगळं पिशवीत, आणि स्टुलं मोजा. गेल्या वर्षी आमचं एक राहिलं, सासूबाईंचंच, निळ्या पट्ट्यांचं. दोन आठवड्यांनी परत गेलो तर गावाच्या नाक्यावर चहाच्या लारीवाल्याचे वडील त्यावर ऊन खात बसलेले, आम्हाला बघून लगेच उठले, "लो बेन, तमारुं छे, साचवी राख्युं छे," म्हणजे तुमचंच आहे, जपून ठेवलंय. सासूबाई म्हणाल्या बसा हो, आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. आता आम्ही पाच स्टुलं नेतो आणि सहावं तिथेच असतं.